विश्लेषण : पक्षाघाताच्या रुग्णावर चांगले उपचार झाले, हे कशावरून ठरवतात?

रुग्णालयात नवे सीटी स्कॅन यंत्र आले, मेंदूविकारतज्ज्ञाच्या नावाची पाटी लागली, की तेथे पक्षाघातावर चांगले उपचार होतात असे लोक धरून चालतात. ब्रिटनच्या बहुतांश भागात मात्र २०१३ पासून रुग्णालयांना पक्षाघाताच्या उपचारांसाठी ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी दिली जाते आणि ती सर्वांसाठी खुली असते. ती देताना यंत्रांची किंमत विचारात घेतली जात नाही. रुग्णाचा स्कॅन किती मिनिटांत झाला, त्याला पाण्याचा पहिला घोट देण्यापूर्वी गिळता येते का हे कोणी तपासले का, असे प्रश्न विचारले जातात. या मोजमापातून काय बदलले, आणि हे आकडे कुठे फसवतात?

घड्याळ कधी सुरू होते?

पक्षाघातात मेंदूचा रक्तपुरवठा गुठळीमुळे अडतो किंवा रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. गुठळीचे प्रमाण अधिक. मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यावर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला आणि तेव्हापासून जगभरच्या स्ट्रोक विभागांत तो ऐकवला जातो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन उपयोगी पडते हे १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीने दाखवले. त्या वेळी मुदत तीन तासांची होती. २००८ मधील युरोपीय चाचणीनंतर ती साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ पासून मोठी गुठळी कॅथेटरने ओढून काढण्याची ‘थ्रॉम्बेक्टॉमी’ रूढ झाली आणि २०१८ मधील दोन चाचण्यांनंतर निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत करता येऊ लागली.

मुदत वाढली म्हणून घाई कमी झाली, असे मात्र नाही. साडेचार तास ही बहुतेक रुग्णांसाठी शेवटची मर्यादा आहे. पहिल्या तासात दिलेले इंजेक्शन आणि चौथ्या तासात दिलेले इंजेक्शन यांच्या परिणामांत मोठा फरक पडतो. म्हणून दर्जाचा पहिला आकडा ठरला तो ‘डोअर टू नीडल’ वेळेचा, म्हणजे रुग्ण रुग्णालयाच्या दारात आल्यापासून सुई टोचली जाईपर्यंत गेलेल्या मिनिटांचा. सर्वसाधारण अपेक्षा ६० मिनिटांची.

यात एक मेख आहे. घड्याळ दारापासून सुरू होते, लक्षण दिसल्यापासून नाही. पहाटे वाकडे झालेले तोंड ‘वारा लागला असेल’ म्हणून दुपारपर्यंत तसेच ठेवले, किंवा रुग्णवाहिका आलीच नाही, तर तो वेळ रुग्णालयाच्या खात्यावर पडत नाही. रुग्ण आधी तालुक्याच्या रुग्णालयात, तिथून जिल्ह्याला आणि तिथून शहरात पाठवला गेला, तर प्रत्येक दारात घड्याळ पुन्हा शून्यावर येते. शेवटच्या रुग्णालयाचा आकडा उत्तम दिसतो आणि रुग्णाचे चार तास गेलेले असतात. म्हणूनच अलीकडे पहिल्या रुग्णालयात आल्यापासून तिथून पुढे रवाना होईपर्यंतचा वेळही स्वतंत्रपणे मोजावा, असा आग्रह धरला जातो.

हेलसिंकीची २० मिनिटे

फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथील विद्यापीठ रुग्णालयात १९९८ मध्ये दार ते सुई ही मध्यक वेळ १०५ मिनिटे होती. २०११ मध्ये ती २० मिनिटांवर आली. मध्यक म्हणजे निम्म्या रुग्णांना त्याहून कमी वेळ लागला. सरासरी येथे मुद्दाम टाळतात, कारण अडकून पडलेले दोन-चार रुग्ण तिला भलतीकडे ओढतात.

या १३ वर्षांत तिथे कोणतेही नवे औषध आले नव्हते. बदलला तो कामाचा क्रम. रुग्णवाहिकेतूनच रुग्णालयाला फोन जाऊ लागला आणि रुग्ण पोहोचण्यापूर्वी त्याची जुनी कागदपत्रे, चालू औषधे बघून ठेवली जाऊ लागली. सीटी स्कॅन यंत्र आपत्कालीन विभागातच आणले गेले. रुग्णाला आधी खाटेवर घेऊन मग स्कॅनला नेण्याऐवजी रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवरूनच सीटीच्या टेबलावर नेऊ लागले. रक्ताच्या सगळ्या तपासण्यांच्या अहवालासाठी थांबणे बंद झाले. इंजेक्शन वॉर्डात नेऊन देण्याऐवजी सीटीच्या टेबलावरच सुरू होऊ लागले. असे डझनभर बदल, एकेक करून.

मेलबर्नच्या एका मोठ्या रुग्णालयाने २०१२ मध्ये हीच पद्धत उचलली. कामाच्या वेळेत येणाऱ्या रुग्णांसाठी मध्यक वेळ काही महिन्यांतच ४३ मिनिटांवरून २५ वर आली. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी येणाऱ्यांसाठी मात्र ती तासाच्या आसपासच राहिली. म्हणजे एकाच इमारतीत दोन रुग्णालये होती, एक दिवसाचे आणि एक रात्रीचे. सगळ्या रुग्णांचा मिळून एकच आकडा छापला असता, तर हा फरक दिसलाच नसता.

अमेरिकेत ‘टार्गेट : स्ट्रोक’ या मोहिमेने २०१० पासून सहभागी रुग्णालयांना याच आकड्यावर जोखायला सुरुवात केली. मोहिमेपूर्वी तासाच्या आत इंजेक्शन मिळणाऱ्यांचे प्रमाण ३० टक्क्यांहून कमी होते. २०१३ च्या अखेरीपर्यंत ते ५० टक्क्यांच्या पुढे गेले. इंजेक्शन घेतलेल्यांतील रुग्णालयातले मृत्यू याच काळात कमी झाले आणि घाईमुळे रक्तस्राव वाढेल ही भीती खरी ठरली नाही.

इंजेक्शन न मिळालेल्यांचे काय?

एवढा सगळा भर ज्या उपचारावर, तो मिळतो किती जणांना? ब्रिटनसारख्या देशातही साधारण दहांतल्या एकालाच. बाकीचे उशिरा येतात, किंवा त्यांना रक्तस्राव झालेला असतो, किंवा इतर कारणाने औषध देता येत नाही. केवळ सुईच्या मिनिटांवर रुग्णालयाला शाबासकी दिली, तर उरलेल्या नऊ जणांना कसे सांभाळले हे कोणीच विचारत नाही. वर्षभरात मोजक्या, सोप्या रुग्णांना झटपट इंजेक्शन देणारे रुग्णालय कागदावर अव्वल ठरू शकते.

या नऊ जणांसाठी काय लागते, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यातून आले. तिथल्या १९ स्ट्रोक युनिटमध्ये झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या युनिटमध्ये परिचारिकांना तीन गोष्टींची ठरावीक पद्धत शिकवण्यात आली : ताप, साखर आणि गिळणे. तापमान दर चार तासांनी पाहायचे आणि थोडे वाढले तरी पॅरासिटामॉल द्यायचे. पहिले तीन दिवस रक्तातील साखर सतत तपासायची. गिळता येते का हे पाहिल्याशिवाय तोंडाने काही द्यायचे नाही. तीन महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी झालेल्या रुग्णांचे प्रमाण या युनिटमध्ये ४२ टक्के होते, तर इतर युनिटमध्ये ५८ टक्के. थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि चमचाभर पाणी, एवढ्या साधनांनी पडलेला हा फरक आहे. महागड्या यंत्रांच्या जाहिरातींत तो कधी दिसत नाही.

गिळण्याच्या तपासणीचे महत्त्व आपल्याकडे विशेष जाणवावे असे आहे. रुग्ण खाटेवर आला की नातेवाईक प्रेमापोटी लगेच पाणी, चहा, नारळपाणी पाजू लागतात. पक्षाघातात घशाचे स्नायू नीट काम करत नसतील, तर तो घोट श्वासनलिकेत उतरतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी न्यूमोनिया होतो. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला जातो. चूक पहिल्या तासातली असते. ब्रिटनच्या मोजमापात ही तपासणी दाखल झाल्यापासून चार तासांत झाली का, हा स्वतंत्र निकष आहे.

परिचारिका किती आहेत, हेही मोजायला हवे. इंग्लंडमधील शंभराहून अधिक स्ट्रोक सेवांच्या ५६ हजारांवर रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शनिवार-रविवारी दहा खाटांमागे तीन प्रशिक्षित परिचारिका असलेल्या युनिटमध्ये महिनाभरातील मृत्यूंचे अनुमानित प्रमाण सुमारे ११ टक्के होते, दीडच परिचारिका असलेल्या युनिटमध्ये सुमारे १५ टक्के. असा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाही, हे खरे. पण रविवारी डॉक्टरांची फेरी झाली की नाही, यापेक्षा परिचारिकांच्या संख्येशी मृत्यूंचा संबंध अधिक ठळक दिसला, ही गोष्ट रुग्णालय चालवणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

ब्रिटनची श्रेणी पद्धत काय आहे?

‘सेंटिनल स्ट्रोक नॅशनल ऑडिट प्रोग्राम’ म्हणजे ‘स्नॅप’. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधील रुग्णालये दाखल झालेल्या जवळपास प्रत्येक पक्षाघात रुग्णाची नोंद त्यात करतात. सुरुवातीच्या स्वरूपात त्यात दहा विभागांत मिळून ४४ निकष होते. तासाच्या आत स्कॅन झाला का? चार तासांत रुग्ण स्ट्रोक युनिटमध्ये पोहोचला का? त्याच्या मुक्कामातील ९० टक्के वेळ त्याच युनिटमध्ये गेला, की खाट नाही म्हणून त्याला दुसऱ्या वॉर्डात ठेवले? फिजिओथेरपी, वाचा उपचार किती मिनिटे मिळाले? घरी जाताना पुढच्या उपचारांचा आराखडा हाती दिला का?

स्ट्रोक युनिटवर एवढा भर देण्याचे कारण म्हणजे त्याचा फायदा वयाने तरुण-वृद्ध, गुठळीचा वा रक्तस्रावाचा अशा सर्व रुग्णांना होतो, हे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. युनिट म्हणजे वेगळी खोली असेलच असे नाही. पक्षाघात ओळखणारे डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि वाचा उपचारतज्ज्ञ एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा विचार करतात, ही त्याची खरी खूण.

‘स्नॅप’मधील एक तरतूद मुद्दाम सांगण्यासारखी आहे. नोंदी अपुऱ्या असतील किंवा सगळे रुग्ण नोंदवले नसतील, तर गुण कापले जातात. वाईट निकाल लपवण्यासाठी रकाना कोरा ठेवण्याचा मार्ग त्यामुळे महागात पडतो. सुरुवातीच्या फेऱ्यांत बहुतेक रुग्णालये ‘डी’ आणि ‘ई’मध्येच अडकली होती. नावानिशी निकाल छापले जाऊ लागल्यावर पुढच्या काही वर्षांत वरच्या श्रेणीतील रुग्णालयांची संख्या वाढत गेली.

लंडन आणि मँचेस्टर

मोजमापाचा सर्वांत मोठा उपयोग रुग्णालयांची फेररचना करताना झाला. २०१० मध्ये लंडनमध्ये सुमारे ३० रुग्णालयांत विखुरलेले तातडीचे उपचार आठ ‘हायपर-अ‍ॅक्यूट’ युनिटमध्ये एकवटण्यात आले. पक्षाघाताचा संशय असलेल्या प्रत्येकाला रुग्णवाहिका थेट या आठांपैकी एका ठिकाणी नेणार, मग वाटेत दुसरे रुग्णालय का असेना. स्थानिक पातळीवर याला विरोध झाला. जवळचे रुग्णालय सोडून लांब का न्यायचे, हा प्रश्न स्वाभाविकच होता.

त्याच वर्षी मँचेस्टरनेही फेररचना केली, पण लक्षणे सुरू होऊन चार तासांच्या आत आलेल्यांनाच मोठ्या केंद्रात न्यायचे आणि इतरांना जवळच ठेवायचे, असा मध्यममार्ग काढला. दोन्ही शहरांच्या नोंदींची उर्वरित इंग्लंडशी तुलना करणारा अभ्यास २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. दोन्हीकडे रुग्णांचा मुक्काम कमी झाला. मृत्यूंमध्ये मात्र फरक पडला तो लंडनमध्येच : २१ महिन्यांत अंदाजे १६८ जीव अधिक वाचले. मँचेस्टरमध्ये मृत्यूदर घटला, पण तो देशभरात घटत होता तेवढाच. नियम गुंतागुंतीचा असल्याने अनेक रुग्ण योग्य केंद्रात पोहोचलेच नव्हते. २०१५ मध्ये मँचेस्टरने आपली पद्धत बदलली आणि चार तासांची अट काढून टाकली. आकडे नसते, तर दोन्ही शहरांनी आपापली योजना यशस्वी झाल्याचे जाहीर करून विषय संपवला असता.

मृत्यूदर पाहून रुग्णालय निवडावे का?

सर्वसामान्यांना सर्वांत सोपा वाटणारा आकडा हाच, आणि सर्वांत फसवाही हाच. बेशुद्ध अवस्थेतील रुग्ण जिथे शेवटी येतात, त्या मोठ्या सरकारी वा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मृत्यू जास्त होणारच. पाच खाटांच्या खासगी रुग्णालयाने अशा रुग्णाला दारातूनच पुढे पाठवले, तर त्याचा मृत्यूदर शून्याच्या जवळ राहील.

म्हणून तुलना करण्यापूर्वी रुग्ण दाखल होताना किती गंभीर होता, हे हिशेबात घ्यावे लागते. त्यासाठी ‘एनआयएचएसएस’ ही ० ते ४२ गुणांची तपासणी वापरतात. शुद्ध, डोळ्यांची हालचाल, हातापायांची ताकद, बोलणे यांना गुण देतात. गुण जितके जास्त, तितका झटका मोठा. अमेरिकेतील रुग्णालयांच्या मृत्यूदराची क्रमवारी या गुणांशिवाय आणि गुणांसह, अशी दोनदा लावून पाहण्यात आली. ‘अपेक्षेपेक्षा वाईट’ ठरलेल्या रुग्णालयांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णालये दुसऱ्या वेळी ‘अपेक्षेप्रमाणे’ या गटात गेली. २०१२ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रुग्ण दाखल होताना काही मिनिटांत भरायचा एक तक्ता कोरा ठेवल्याने चांगल्या रुग्णालयाची बदनामी होऊ शकते, ती अशी.

भारतात तर मृत्यूदरात आणखी एक पळवाट आहे. रुग्ण वाचण्याची आशा संपली किंवा पैसे संपले, की नातेवाईक सही करून त्याला घरी नेतात. कागदोपत्री ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेले’ अशी नोंद होते. तो रुग्ण दोन दिवसांनी घरी दगावला, तरी रुग्णालयाच्या मृत्यूंत त्याची गणना होत नाही. अशा रुग्णांची संख्या वेगळी छापल्याशिवाय आपल्याकडच्या कोणत्याही रुग्णालयाचा मृत्यूदर वाचण्यात फारसा अर्थ नाही.

भारतात कोण मोजते?

रुग्णालयनिहाय निकाल जनतेसमोर ठेवणारी ‘स्नॅप’सारखी राष्ट्रीय यादी आपल्याकडे नाही. आयसीएमआरच्या बेंगळूरु येथील संस्थेमार्फत रुग्णालयांतील पक्षाघात रुग्णांची नोंदवही चालवली जाते. असंसर्गजन्य आजारांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने २०१९ मध्ये पक्षाघातासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. ‘एनएबीएच’चे मानांकन संपूर्ण रुग्णालयाच्या कार्यपद्धतीचे असते. त्यातून पक्षाघाताच्या रुग्णाला सुई किती मिनिटांत मिळाली हे कळत नाही.

खासगी रुग्णालयांच्या जाहिरातींत अलीकडे ‘गोल्ड’, ‘प्लॅटिनम’, ‘डायमंड’ अशी पदके दिसतात. ती जागतिक स्ट्रोक संघटनेच्या ‘एंजल्स’ पुरस्कारांची. त्यात दार ते सुई वेळ, गिळण्याची तपासणी, घरी जाताना दिलेली औषधे असे निकष आहेत आणि ते चांगले आहेत. मात्र रुग्णालय स्वतःच आपल्या रुग्णांच्या नोंदी पाठवते. या उपक्रमामागे बोहरिंगर इंगेलहाइम ही कंपनी आहे आणि गुठळी विरघळवणारे औषधही ती बनवते, हे वाचकाने लक्षात ठेवलेले बरे. पदकामुळे अनेक रुग्णालयांनी प्रथमच मिनिटे मोजायला सुरुवात केली, हेही तितकेच खरे.

तज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी दर्जा राखता येत नाही, हा समज हिमाचल प्रदेशाने काही प्रमाणात खोडून काढला आहे. २०१४ पासून तिथल्या जिल्हा पातळीवरील रुग्णालयांतील फिजिशियन सीटीच्या प्रतिमा मोबाइलवरून मेंदूविकारतज्ज्ञाला पाठवतात आणि सल्ला घेऊन इंजेक्शन देतात. औषध सरकारकडून मोफत मिळते. मोफत या शब्दाला येथे मिनिटांचे मोल आहे. इतरत्र दार ते सुई वेळेतला मोठा भाग नातेवाईकांना खर्च सांगणे, फोनाफोनी, अनामत रक्कम आणि संमतीपत्र यांतच जातो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. ती रुग्णाला जवळच्या रुग्णालयात नेते की सीटी स्कॅन चालू असलेल्या रुग्णालयात, आणि वाटेतून पुढे फोन जातो का, या दोन प्रश्नांची उत्तरे जिल्हावार मोजता येण्याजोगी आहेत. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.

तीन महिन्यांनंतरचा रकाना

सुईची मिनिटे, स्कॅन, गिळण्याची तपासणी ही सगळी प्रक्रियेची मापे. रुग्णासाठी प्रश्न वेगळा असतो : पुन्हा शेतावर जाता येईल का, स्वतः आंघोळ करता येईल का? त्यासाठी ० ते ६ अशी ‘मॉडिफाइड रँकिन’ श्रेणी वापरतात. ० म्हणजे काहीही लक्षण उरले नाही, २ म्हणजे थोडी उणीव आहे पण स्वतःचे सगळे स्वतः करता येते, ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेला, ६ म्हणजे मृत्यू. ही श्रेणी सहसा तीन महिन्यांनी ठरवतात आणि त्यासाठी प्रशिक्षित व्यक्तीचा एक फोनही पुरतो.

भारतात घरी गेल्यावरची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे कुटुंबावर पडते. नातेवाईकांनाच व्यायाम शिकवून पुनर्वसन साधता येईल का, हे पाहण्यासाठी १४ भारतीय रुग्णालयांत ‘अटेंड’ ही मोठी चाचणी झाली. २०१७ मध्ये आलेला निकाल निराशाजनक होता. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत वा परावलंबी रुग्णांचे प्रमाण सारखेच, ४७ टक्के भरले. घरच्यांची सेवा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची जागा आपोआप घेत नाही, असाच त्याचा अर्थ निघतो. त्यामुळे रुग्णालयाने घरी सोडताना कोणाकडे, कुठे आणि आठवड्यातून किती वेळा जायचे हे लिहून दिले का, हा निकष महाराष्ट्रातील तालुक्याच्या रुग्णासाठी लंडनच्या रुग्णापेक्षा अधिक मोलाचा ठरतो.

‘स्नॅप’मध्ये सहा महिन्यांनी रुग्णाची फेरतपासणी झाली का, याचाही रकाना आहे. इतक्या वर्षांच्या शिस्तीनंतरही तिथल्या अनेक रुग्णांच्या बाबतीत तो कोराच राहतो. सुईची मिनिटे तेथे नेमाने भरली जातात. सहा महिन्यांनंतरचा हा फोन नेमका कोणी करायचा, रुग्णालयाने की स्थानिक आरोग्य केंद्राने, हे अनेक ठिकाणी ठरलेलेच नसते.